चिमटा मोडला तेव्हा...

हल्लीच्या माउंटन बाइक्स नीट पाहिल्यात का? वरून बघितलं तर साधी सायकल. पण हँडलच्या मधोमध असलेली टोपी उपसली, की आतल्या नळीतून चक्क पान्यांचा अख्खा संच बाहेर येतो! ॲलन की, स्क्रू ड्रायव्हर, चेन तोडायचं हत्यार, चेनची जादा कडी, सगळं एवढ्याशा जागेत. कुणी क्रँकच्या पोकळ एक्सलमध्ये ट्यूबलेस टायरचं पंक्चर बुजवायचं सामान ठेवतं, तर काही सायकलींच्या फ्रेमलाच खाली छोटं दार असतं आणि त्यात ट्यूब नि पंप मावतो. पाठीवर सॅक नको, खडखडाट नको आणि डोंगरात मधेच काही बिघडलं तर कुणाच्या तोंडाकडे बघायला नको.

यामागचं इंजिनिअरिंगही सोपं आहे. नळी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या कडेला येतो आणि मधोमध जवळजवळ काहीच नसतो, हे आपण सगळ्यांनी परीक्षेपुरतं तरी पाठ केलेलं आहे. म्हणून मधलं मटेरिअल काढून टाकलं तरी चालतं. ती रिकामी जागा म्हणजे फुकटचा खिसा!

पण मित्रांनो, ज्या नळीत हे पाने लपवतात ती असते पुढच्या चिमट्याची, म्हणजे फोर्कची. आणि तो चिमटाच मोडला तर? एका माणसावर ही वेळ एकदा नाही, तीनदा आली. त्याचं नाव यूजीन क्रिस्तोफ.

क्रिस्तोफचा जन्म 22 जानेवारी 1885 चा, पॅरिसला लागून असलेल्या मालाकॉफ गावातला. पोटापाण्यासाठी तो कुलपं-किल्ल्यांचं काम शिकला. कानस कशी चालवायची, लोखंड किती तापवायचं, ठोका कुठे द्यायचा हे त्याच्या हातात लहान वयातच बसलं. पण डोक्यात मात्र सायकल. 1904 मध्ये तो व्यावसायिक शर्यतींत उतरला आणि 1906 मध्ये पहिल्यांदा टूर द फ्रान्समध्ये धावला.

गडी किती चिवट होता ते 1910 च्या मिलान-सान रेमो शर्यतीत दिसलं. त्या दिवशी घाटात बर्फ पडत होता. थंडीने अंग इतकं आखडलं, की क्रिस्तोफला वाटेतल्या एका खानावळीत आसरा घ्यावा लागला. कपडे उतरवून, घोंगडी पांघरून त्याने अंगात ऊब आणली आणि पुन्हा सायकलवर बसला. साडेबारा तासांच्या आसपास सायकल मारून तो पहिला आला! शर्यत पुरी करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्यानंतर मात्र त्याला हॉस्पिटलात पडून राहावं लागलं.

1912 च्या टूरमध्ये तो दुसरा आला. तेव्हा निकाल गुणांवर लागायचा. 1913 पासून पुन्हा वेळ मोजायचं ठरलं. डोंगरात तासन् तास एकट्याने झुंजणाऱ्या क्रिस्तोफसाठी ही चांगलीच बातमी होती.

आता त्या काळचा नियम बघा. ही शर्यत काढली होती ‘लॉटो’ या वर्तमानपत्राचा संपादक आंरी देग्रांज याने. त्याचं म्हणणं असं, की सायकल बिघडली तर ज्याची त्याने दुरुस्त करायची. दुसऱ्याचा हात लागता कामा नये, आणि बदली सायकल वगैरे विसराच. म्हणून सायकलवीर जादा टायर खांद्यावरून आडवे गुंडाळायचे, पंप आणि हत्यारं बरोबर बाळगायचे. म्हणजे आज आपण जे नळीत लपवतो ते ते उघड्यावर घेऊन फिरत होते एवढंच.

9 जुलै 1913. टप्पा बायॉन ते लुशाँ, 326 किलोमीटर, पिरेनीज पर्वतातले एकाहून एक चढ. आदल्या वर्षीचा विजेता ऑदिल दफ्रे याने याच टप्प्यात शर्यत सोडली. 2115 मीटर उंचीची तुर्माले खिंड आली तेव्हा क्रिस्तोफच्या पुढे बेल्जियमचा फिलिप तीस तेवढा होता, तोही काही मिनिटांनीच. एकूण वेळेत तर क्रिस्तोफच सगळ्यांच्या पुढे निघाला होता. आता फक्त उतार. आणि उतारावरच हँडल डगमगायला लागलं. थांबून बघतो तर काय, चिमटा मोडलेला!

पिशवीतले पाने इथे काय कामाचे? नट सैल झाला तर पाना, पंक्चर झालं तर टायर. मोडक्या चिमट्यावर त्या पिशवीत उत्तर नव्हतं. त्याने सायकल खांद्यावर टाकली आणि चालायला लागला. सुमारे 10 किलोमीटर, डोळ्यांत पाणी. मागे टाकलेले एकेक सायकलवीर त्याला ओलांडून गेले. दोनेक तासांनी सँत-मारी-द-कांपां हे खेडं आलं आणि तिथे लोहाराची भट्टी सापडली.

लोहार मदतीला तयार होता. पण नियम! शर्यतीचे पंच दारात उभे. लोहाराने लोखंडाला हात लावायचा नाही, काम सगळं क्रिस्तोफने करायचं. तो कुलपं बनवणारा कारागीर होता म्हणूनच हे जमलं. चिमट्याची नळी पातळ. जास्त तापली तर जळणार, कमी तापली तर सांधा धरणार नाही. तापवायचं, ठोकायचं, कानशीने घासायचं, पुन्हा तापवायचं. असे जवळजवळ तीन तास गेले. यात एकच अडचण होती. एका हाताने जॉब धरायचा, दुसऱ्याने हातोडा मारायचा, मग भाता कोण हलवणार? तिथल्या एका पोराने भाता हलवला. झालं! बाहेरची मदत घेतली म्हणून पंचांनी 10 मिनिटांचा दंड ठोकला. तो पुढे 3 मिनिटांवर आला म्हणा, पण तोवर गेलेल्या तासांपुढे त्याचं काय!

चिमटा बसवून तो पुढचे घाट चढला आणि लुशाँला पोचला, तीसच्या मागे सुमारे 3 तास 50 मिनिटांनी. टूर हातची गेली. तरी त्याने शर्यत सोडली नाही. पॅरिसला तो सातवा आला, आणि तीस जिंकला.

मग महायुद्ध आलं, टूर बंद पडली. 1919 मध्ये ती सुरू झाली तेव्हा क्रिस्तोफ 34 वर्षांचा होता आणि पुन्हा सगळ्यांच्या पुढे. पहिल्या नंबरचा माणूस लोकांना ओळखू यावा म्हणून त्या वर्षी पिवळी जर्सी निघाली. 19 जुलै 1919 ला ग्रनोब्लमध्ये ती पहिल्यांदा ज्याच्या अंगावर चढली तो क्रिस्तोफच! पण शेवटून दुसऱ्या टप्प्यात, मेत्झ ते डंकर्क या 468 किलोमीटरच्या वाटेवर, चिमटा परत मोडला. या वेळी वालांसिएनजवळ एका कारखान्यात त्याने तो स्वतःच जोडला. तासाहून जास्त वेळ गेला, जर्सी फिर्में लांबोकडे गेली आणि क्रिस्तोफ तिसरा आला. लोकांना ते इतकं लागलं, की त्यांनी वर्गणी काढून त्याला पैसे पाठवले. 1922 मध्ये गालिबिए घाटाच्या उतारावर तिसऱ्यांदा तेच!

टूर त्याने कधीच जिंकली नाही. शेवटची टूर तो 1925 मध्ये धावला, चाळिशीत. 1970 मध्ये पॅरिसमध्ये त्याचं निधन झालं. पॅडलवर पाय धरून ठेवणाऱ्या टो-क्लिप्स ‘क्रिस्तोफ’ या नावाने जगभर विकल्या गेल्या, आणि त्या खेड्यात आज त्याची पाटीही आहे. त्याच्या खेळाचे नियम मात्र बदलत गेले. 1930 पासून टूरमध्ये दुसऱ्याची मदत घ्यायला परवानगी मिळाली.

डोंगरातल्या एंड्युरो शर्यतींत अजूनही बाहेरची तांत्रिक मदत ठरलेल्या जागीच मिळते, बाकी वाटेवर आपलं आपण. म्हणून ते नळीतले पाने. ते जरूर ठेवा. फक्त ते बसवण्यासाठी नळीला आतून आटे पाडायचे असतील तर आधी विचार करा, कारण आटे पाडले की भिंत पातळ होते.

आणि आणखी एक. फर्स्ट इयरला स्मिथी शॉपमध्ये आपण जॉब कसा केला होता, आठवतंय? निम्म्यांनी दुसऱ्याकडून ठोकून घेतला, मीही त्यातलाच. क्रिस्तोफबद्दल वाचल्यापासून त्याची जरा लाज वाटते. तुर्मालेच्या उतारावर त्याच्या पिशवीतलं काहीच उपयोगी पडलं नाही, उपयोगी पडलं ते पोरवयात शिकलेलं काम. तेव्हा तो संच हँडलच्या नळीत ढकलण्याआधी एकदा घरी बसा, त्याने स्वतःच्या सायकलची चेन तोडा आणि परत जोडून दाखवा.