तंजावरच्या सरफोजीराजांचं डोळ्यांचं दप्तर

तंजावरचं नाव निघालं की आपल्याकडे बोलणं ठरलेल्या गोष्टींवर येतं. बृहदीश्वराचं देऊळ, सरस्वती महाल ग्रंथालय आणि तिथले भोसले. कोणी सांबार कसं जन्माला आलं ती गोष्टही काढतं, ती खरी की खोटी ते बाजूला ठेवू. पण तंजावरच्या जुन्या दप्तरात आणखी एक ठेवा आहे आणि त्याची चर्चा आपल्या मराठी घरांत फारशी होत नाही. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच्या रुग्णांच्या डोळ्यांचे कागद. कोणाला काय त्रास होता, उपचार काय केले, नंतर डोळा कसा राहिला, हे लिहून ठेवलेले कागद. हे काम ज्यांच्या पदरी झालं ते तंजावरचे राजे, दुसरे सरफोजी भोसले.

सीमाभागातल्या वाचकाला हे घराणं परकं नाही. शहाजीराजांची बंगळूरची जहागीर आपल्याला ठाऊक आहे, त्यांची समाधी आजच्या दावणगेरे जिल्ह्यात होदिगेरेला आहे. त्यांचे धाकटे चिरंजीव, शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी तिथून पुढे दक्षिणेला सरकले आणि १६७५-७६ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले. चहूबाजूंनी तमिळ मुलूख आणि कचेरीतला कारभार मात्र मराठीत, मोडी लिपीत. पावणेदोनशे वर्षं हे चाललं.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ चा. तुळजाजी राजांना वारस उरला नव्हता, म्हणून भोसल्यांच्याच दुसऱ्या शाखेतला हा दहा वर्षांचा मुलगा त्यांनी १७८७ मध्ये दत्तक घेतला आणि लगेच त्यांचं निधन झालं. मुलगा लहान, भोवती भाऊबंदकी. तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंग यांनी गादी घेतली आणि पोराला वाड्यात अडकवून ठेवलं. ना धड शिक्षण, ना मोकळी हवा. तुळजाजींनी ज्यांच्यावर भरवसा टाकला होता ते जर्मन पाद्री श्वार्ट्झ मधे पडले नसते तर पुढचं काहीच घडलं नसतं. त्यांच्या खटपटीने १७९३ मध्ये मुलाला मद्रासला हलवलं. तिथे इंग्रजी आणि युरोपातल्या विद्यांची गोडी लागली ती जन्मभर सुटली नाही. मिशनऱ्यांच्या सावलीत वाढूनही सरफोजींनी आपला धर्म सोडला नाही आणि गुरूबद्दलची माया पण सोडली नाही. श्वार्ट्झ फेब्रुवारी १७९८ मध्ये गेले आणि सरफोजी त्याच वर्षी जूनअखेर गादीवर बसले. ज्याच्यासाठी सगळी धडपड केली त्याला गादीवर बसलेलं बघणं काही पाद्रीबाबांच्या नशिबी नव्हतं.

गादी मिळाली ती कशी, तेही सांगायला हवं. १७९९ च्या तहाने मुलूख कंपनी सरकारकडे गेला. राजाच्या हातात तंजावरचा किल्ला आणि आसपासचा थोडा भाग, वर्षाला एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. फौज नाही, महसूल नाही, लढाई नाही. बावीस वर्षांचा राजा आणि करायला काही नाही! अशा वेळी आपल्याकडचे कितीतरी संस्थानिक शिकार आणि मेजवान्यांत बुडाले. सरफोजींनी ग्रंथ जमवले. चार हजारांहून जास्त तर युरोपीय भाषांतले होते आणि त्यातल्या कितीतरी पुस्तकांवर त्यांची सही आहे. देवनागरी छापखाना घातला, इसापनीतीचं मराठी रूप ‘बालबोध मुक्तावली’ १८०६ मध्ये छापलं. मोठ्या देवळाच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले घराण्याचा भलामोठा मराठी इतिहास कोरून घेतला. हे सगळं आपण अभिमानाने सांगतोच.

पण मला त्यांचं १८०१ सालचं एक पत्र जास्त मोलाचं वाटतं. तंजावर मुलखात राजघराण्याची छत्रं होती, म्हणजे वाटसरूंसाठी धर्मशाळा आणि अन्नछत्र. कंपनी आता त्यांचा पैसा कापणार अशी धास्ती होती. सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला सविस्तर लिहिलं की इथे नुसतं जेवण मिळत नाही. पोरक्या पोरांना शिकवायला पंतोजी आहेत, आजाऱ्यांसाठी वैद्य आहेत, वाटेत अडलेल्या गरोदर बाईची सोय आहे. हे चालू राहू द्या. राज्य गेल्याची तक्रार वेगळी आणि आजाऱ्याचं औषध बंद होऊ नये म्हणून केलेली विनवणी वेगळी. ओरत्तनाडला मुक्ताम्बाळ हिच्या नावाने त्यांनी उभारलेलं छत्र याच वळणाचं.

त्यातूनच पुढे धन्वंतरी महाल उभा राहिला. इथे आयुर्वेदाचे वैद्य, सिद्ध पद्धतीचे वैद्य, युनानी हकीम आणि युरोपीय डॉक्टर असे सगळे एका छपराखाली. औषधं तयार व्हायची, माणसांवर काय लागू पडतं ते पाहायचं आणि लागू पडलेलं लिहून ठेवायचं. हे नुस्खे तमिळ पद्यात बांधून घेतले, म्हणजे साध्या वैद्यालाही पाठ करता यावेत. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ते पुढे छापले गेले आणि त्यात डोळ्यांच्या रोगांचा वेगळा खंड आहे. राजांना शरीरशास्त्राचीही ओढ होती, पण माणसाच्या हाडांचा सांगाडा जवळ ठेवणं धर्माला धरून नव्हतं. म्हणून कृत्रिम सांगाडा मिळवला गेला. अडचण आली की वाट काढायची, हट्टाने भिंतीवर डोकं आपटायचं नाही, हा त्यांचा स्वभावच दिसतो.

आता मोतीबिंदूकडे वळू. त्या काळी गावोगाव फिरणारे लोक मोतीबिंदू ‘बसवून’ द्यायचे. डोळ्यातली गढूळ झालेली काच म्हणजे भिंग, ते सुईने ढकलून आत खाली पाडायचं. सुश्रुताच्या काळापासून ही पद्धत ठाऊक होती. म्हातारीला क्षणात उजेड दिसायचा, घरात आनंदीआनंद, फिरस्ता पैसे घेऊन पुढच्या गावाला. मग आठ-पंधरा दिवसांत डोळा सुजायचा, ठणकायचा आणि कितीकांचा कायमचा जायचा. तोवर सुईवाला कुठे असणार? त्याला स्वतःलाही कळायचं नाही की शंभरातले किती डोळे टिकले. लोकही नशिबाला बोल लावायचे. फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या मध्यावर दाव्हिएल नावाच्या सर्जनने गढूळ भिंग बाहेर काढायची रीत दाखवून दिली होती, पण तीही सोपी नव्हती. गुंगीचं औषध नाही, ते यायला १८४६ उजाडलं. डोळा बधिर करणारे थेंब तर १८८४ चे. जंतू म्हणजे काय याचा पत्ता नाही. बेलाडोना या वनस्पतीच्या अर्काने बाहुली मोठी होते एवढं डॉक्टरांना माहीत होतं. रुग्णाने जागेपणी, डोळा उघडा ठेवून, हलायचं नाही. विचार करा.

अशा काळात तंजावरला डोळ्याच्या रुग्णांचे कागद तयार होत होते. १८२० च्या दशकातले चाळीसहून अधिक रुग्णांचे असे कागद टिकले आहेत, काही इंग्रजीत, काही मोडीत. रुग्ण कोण, डोळ्याची अवस्था काय, काय केलं आणि पुढे काय झालं. शिवाय चित्रकाराला बसवून दुखऱ्या डोळ्यांची रंगीत चित्रं काढून घेतलेली. कॅमेरा यायच्या आधीची गोष्ट आहे ही. मॅकबीन नावाच्या इंग्रज डॉक्टरचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. राजे स्वतः ऑपरेशन करायचे असं मोठ्या कौतुकाने सांगितलं जातं आणि आपल्याला अशी गोष्ट आवडतेही. सुई कोणाच्या हातात होती यावर वाद घालणारे घालोत. माझ्या मते मोठेपणा दुसरीकडेच आहे. डोळ्याला हात लावणाऱ्याने नंतरही त्या रुग्णाकडे बघायचं आणि चांगलं-वाईट जे झालं ते कागदावर उतरवायचं, ही शिस्त राजाच्या पदरी पाळली गेली. पळून जाणाऱ्या सुईवाल्याला याहून चोख उत्तर नव्हतं.

आज आपल्या घरात काय आहे बघा. जमिनीचा उतारा आजोबांच्या काळापासूनचा जपून ठेवलेला असतो, मोडी वाचता येत नसली तरी ट्रंकेत असतो. डोळ्यांचा कागद मात्र चष्मा हातात पडला की दुकानातच राहतो. वडिलांच्या चष्म्याचा नंबर तीन वर्षांपूर्वी काय होता, कुणाला सांगता येतं का? आणि हा कागद बिनकामाचा नाही. काचबिंदू घराण्यात चालत येतो. तो दुखत नाही, लाल होत नाही, कडेची नजर गुपचूप खात जातो आणि गेलेली नजर परत मिळत नाही. आजीला काचबिंदू होता एवढी एक ओळ घरात लिहिलेली असली तरी नातवाची पिढी चाळिशीनंतर वेळेत डोळ्याचा दाब तपासून घेईल. मधुमेहाचंही तसंच. नजर छान आहे म्हणून माणूस निवांत असतो आणि आत पडद्यावरच्या रक्तवाहिन्या गळू लागलेल्या असतात. म्हणून वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा बघायचा. लहान पोरांची तर तक्रारच नसते, त्यांना वाटतं जग असंच धूसर असतं. एका डोळ्याचा नंबर जास्त राहिला तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्षच करायला लागतो. हा आळशी डोळा सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर सुधारायची आशा जास्त, नंतर अवघड. शाळेत घालतानाच एकदा तपासावं, पोरगं फळ्याजवळ जाऊन बसतंय याची वाट कशाला बघायची?

मोतीबिंदू ‘पिकू दे’ म्हणून थांबणाऱ्या घरांची तर आपल्या भागात अजून कमी नाही. भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसवायची सुरुवात १९४९ साली लंडनला झाली, आता ते ऑपरेशन बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडणारं झालंय. १९७६ पासून देशात अंधत्व नियंत्रणाचा कार्यक्रम आहे, सरकारी दवाखान्यात हे ऑपरेशन मोफत होतं. पिकायची गरज उरलेली नाही, उलट फार पिकलं तर काम अवघड होतं. आणि मेडिकलमधून परस्पर आणलेले थेंब! डोळा लाल झाला की शेजारच्याची बाटली. त्यात स्टिरॉइड असलं तर लाली झटक्यात जाते, म्हणून लोक महिनोन्‌महिने घालत राहतात, आणि डोळ्याचा दाब वाढून पुढे काचबिंदू उभा राहतो. जुना सुईवाला निदान समोर तरी दिसायचा.

सरफोजींची गोष्ट पुढे नेऊ. १८२० ते १८२२ या काळात ते काशीयात्रेला गेले, सोबत सुमारे तीन हजार माणसं. वाटेतली तीर्थं केली, काशीच्या घाटांची चित्रं काढून घेतली, पोथ्या मिळवल्या. १८२६ च्या मार्चमध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले तेव्हा रसायनशास्त्रातला लाव्हाझिए आणि वनस्पतीशास्त्रातला लिनियस यांच्याबद्दल सहज बोलणारा राजा पाहून ते थक्क झाले. डोळ्यांचे कागद याच वर्षांतले. पन्नाशीच्या घरातला, राज्य नसलेला राजा, रोज नवीन काही शिकणारा.

७ मार्च १८३२ ला सरफोजीराजे वारले. चिरंजीव शिवाजी गादीवर आले, त्यांना मुलगा नव्हता. १८५५ मध्ये ते गेले आणि कंपनीने तंजावर खालसा केलं. वाड्याचं वैभव हळूहळू पांगलं. ग्रंथालय राहिलं, १९१८ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. मोडी रुमालांच्या त्या डोंगरात डोळ्यांचे कागद कितीतरी वर्षं पडून होते. अलीकडच्या काळात चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी ते अभ्यासले. दोनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या कुणा साध्या माणसाच्या डोळ्याला काय झालं होतं आणि त्याला नंतर कसं दिसू लागलं, हे आजचा डॉक्टर त्या कागदावरून वाचू शकतो. त्या माणसाचं घर कुठलं, नातवंडं कोण, काही उरलेलं नाही. डोळा तेवढा उरला आहे, रंगासकट.