होस्टेलच्या नेटमागचे पोस्टेल

मित्रांनो, सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलचं नेट बंद पडलं की आपण काय करतो? शेजारच्या खोलीत ओरडून विचारतो, मग राउटर बंद करून चालू करतो, आणि तरीही आलं नाही की नेटवाल्यांच्या नावाने खडे फोडतो! पण शांतपणे काळी खिडकी उघडून 'पिंग' टाइप करणारा एखादा मित्र प्रत्येक विंगमध्ये असतोच. तो ज्या पायऱ्यांनी बिघाड शोधतो, त्यातल्या बहुतेक पायऱ्यांवर एकाच माणसाचं नाव कोरलेलं आहे. लांब दाढी, पायात सँडल आणि इंटरनेटच्या सगळ्या नंबरांची वही ज्यांच्या हातात, ते हे जॉन पोस्टेल.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेना गावी झाला. व्हॅन नाइजच्या ज्या हायस्कूलमध्ये ते शिकले, त्याच शाळेचे आणखी दोन विद्यार्थी म्हणजे व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर. पुढे हे तिघेही लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एकत्र आले. पोस्टेल यांनी १९६६ मध्ये पदवी घेतली, १९६८ मध्ये मास्टर्स आणि १९७४ मध्ये पीएच.डी. केली. १९६९ मध्ये आर्पानेटचं पहिलं केंद्र याच विद्यापीठात, प्रा. लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या लॅबमध्ये सुरू झालं. ते चालवणारी पोरं कोण? आपल्यासारखेच विद्यार्थी!

एप्रिल १९६९ मध्ये क्रॉकर यांनी पहिलं 'आरएफसी' टिपण लिहिलं. नेटवर्क कसं चालावं याबद्दल कोणीही आपलं म्हणणं मांडावं आणि इतरांनी त्यावर मत द्यावं, असा हा साधा मामला. या टिपणांचं संपादन पोस्टेल यांनी अंगावर घेतलं आणि १९९८ पर्यंत ते सोडलं नाही. दुसऱ्याचं लिखाण तपासणं, नंबर देणं, जपून ठेवणं... आपल्याकडे कोणी मागून घेणार नाही असं हे काम! पण इंटरनेटचे सगळे नियम आज याच मालिकेत सापडतात.

दुसरं काम याहून रुक्ष. कोणत्या सेवेला कोणता नंबर द्यायचा, हे कोणीतरी ठरवायला हवं होतं. मे १९७२ मध्ये पोस्टेल यांनी सुचवलं की यासाठी एकच माणूस नेमावा, आणि तो मी होतो! तेव्हापासून ही वही त्यांच्याकडे आली. मेल पाठवायला पोर्ट २५, नाव शोधायला ५३, वेबला ८०, असे नंबर याच वहीतून आले. पुढे या कामाला 'आयाना' असं भारदस्त नाव मिळालं, पण बरीच वर्षं आयाना म्हणजे पोस्टेल आणि मोजके सहकारी, एवढंच होतं. १९७७ मध्ये ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

त्याच वर्षी, ऑगस्ट १९७७ मध्ये, त्यांनी एक टिपण लिहिलं. तेव्हा टीसीपी हा एकच जाडजूड प्रोटोकॉल होता. पाकीट पुढे नेणं आणि ते नीट पोचलं का हे बघणं, दोन्ही तोच करायचा. पोस्टेल यांनी सांगितलं की हे थरांच्या नियमाला धरून नाही, यांना वेगळं करा. पोस्टमनने फक्त पत्ता वाचावा, पाकिटातलं पत्र वाचणं हे पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं काम. सर्फ, डॅनी कोहेन आणि पोस्टेल यांच्या चर्चेतून १९७८ मध्ये टीसीपी आणि आयपी वेगळे झाले. सप्टेंबर १९८१ मध्ये आयपी, आयसीएमपी आणि टीसीपी या तिघांचे आरएफसी आले (क्रमांक ७९१, ७९२, ७९३), आणि तिन्हींवर नाव एकच, पोस्टेल. १ जानेवारी १९८३ ला आर्पानेट या नियमांवर आलं.

यातलं मधलं, आयसीएमपी, आपल्या कामाचं. पाकीट पुढे जात नसेल तर वाटेतल्या राउटरने पाठवणाऱ्याला कारण कळवावं, ही त्याची कल्पना. प्रत्येक वेळी कळेलच अशी हमी त्यात नाही, पण सोय आहे. पत्ता सापडत नाही, पाकिटाचं आयुष्य संपलं, पाकीट फार मोठं आहे, असे निरोप त्यात आहेत. 'आहेस का?' आणि 'आहे' असाही निरोप आहे. त्यावरच माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये पिंग लिहिलं.

आता आपल्या नेहमीच्या दुखण्याकडे येऊ. बिल्डिंगचा एक राउटर असतो, त्याला फायरवॉल. विंगमधली पोरं वर्गणी काढून दुसरा राउटर आणतात, त्यालाही फायरवॉल. एकामागे एक अशा दोन भिंती! पत्ते पुरेनात म्हणून १९९४ च्या सुमाराला पत्ता बदलून देणारी 'नॅट' ही युक्ती आली. फेब्रुवारी १९९६ मध्ये १० आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी ठरल्याचं जाहीर झालं. ते राखून ठेवले होते आयानाने, म्हणजे पोस्टेल यांच्याच वहीत! नॅट मात्र त्यांच्या थरांच्या नियमात बसत नाही, कारण इथे पोस्टमन पाकीट उघडून पोर्टचा नंबर बदलतो. दोन राउटर म्हणजे पाकीट दोनदा उघडलं जाणार.

मग बिघाड शोधायचा कसा? पोस्टेल यांच्या थरांप्रमाणे, एकेक पायरी. आधी आपल्या मशीनचा पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. मग आतल्या राउटरला पिंग, मग बाहेरच्या राउटरला, मग बाहेरच्या जगातल्या एखाद्या पत्त्याला, आणि शेवटी नावाला. पत्ता चालतो पण नाव चालत नाही, तर दोष डीएनएसचा. (हे डीएनएस १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी केलं, आणि त्यांना या कामाला लावलं पोस्टेल यांनी!) दोन्ही राउटर १९२.१६८.१ हीच मालिका वापरत असतील तर आतल्याला घर कुठलं आणि अंगण कुठलं हेच कळत नाही. आतल्याची मालिका १९२.१६८.२ करा, प्रश्न मिटतो. बाहेरून कोणाला आपल्या मशीनवर यायचं असेल तर पोर्ट दोन्हीकडे उघडावा लागतो. बाहेरच्यावर आतल्याच्या नावे, आणि आतल्यावर आपल्या मशीनच्या नावे.

सर्वांत छळणारा बिघाड वेगळाच. लहान पानं उघडतात, पण मोठी फाइल लटकते. बाहेरच्या लाइनवर १४९२ बाइटपेक्षा मोठं पाकीट मावत नाही आणि आपण १५०० चं पाठवतो. बाहेरचा राउटर तसं कळवतो, पण सुरक्षेच्या नावाखाली आतल्या फायरवॉलवर सगळं आयसीएमपी बंद केलेलं असतं! निरोप भिंतीशीच मरतो. म्हणून फायरवॉल लावताना सरसकट सगळं बंद करू नका. आणि उलटही लक्षात ठेवा, पिंगला उत्तर आलं नाही म्हणजे पलीकडचं मशीन मेलंच असं नाही, कदाचित त्याला बोलायला बंदी असेल.

आयुष्याच्या शेवटी पोस्टेल यांच्यावरच वादळ आलं. इंटरनेट मोठं झालं, नावांच्या धंद्यात पैसा आला, आणि वही कोणाच्या ताब्यात असावी यावर भांडण सुरू झालं. २८ जानेवारी १९९८ ला त्यांनी रूट सर्व्हर सांभाळणाऱ्यांना मेल केली की मूळ यादी नेटवर्क सोल्यूशन्सच्या मुख्य सर्व्हरवरून न घेता आयानाकडून घ्या. बारापैकी आठांनी ऐकलं. ना हुकूम, ना पगाराचं नातं, फक्त विश्वास! नेट एक क्षणही थांबलं नाही, पण अमेरिकन सरकार हादरलं आणि त्यांना ते मागे घ्यावं लागलं. ही चाचणी होती, असं त्यांनी सांगितलं. एका माणसाने एवढं करू शकावं हे योग्य की अयोग्य, यावर आजही वाद होतो. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर ही जबाबदारी घेण्यासाठी 'आयकॅन' ही संस्था स्थापन झाली. आणि १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे, पोस्टेल गेले. वय अवघं ५५. सर्फ यांनी त्यांच्यावर लिहिलेला मृत्युलेख आरएफसी म्हणूनच निघाला, क्रमांक २४६८. ज्या मालिकेची त्यांनी आयुष्यभर काळजी घेतली, तिच्यातच त्यांना जागा मिळाली.

मित्रांनो, पोस्टेल यांनी कंपनी काढली नाही. त्यांनी वही नीट ठेवली आणि ती सर्वांना वाचायला खुली ठेवली. आपल्या विंगमध्ये राउटर लावणाऱ्याने एवढं जरी केलं, कोणता पत्ता कोणाला दिला, कोणता पोर्ट उघडला, पासवर्ड कोणाकडे आहे हे एका वहीत लिहून पुढच्या बॅचच्या हातात दिलं, तरी पुष्कळ. नाहीतर दरवर्षी जूनमध्ये नवी पोरं येणार, आणि जुन्या पोरांनी बांधलेल्या भिंतीवर डोकं आपटत बसणार!