फुटबॉलचे गुरुजी : सय्यद अब्दुल रहीम

आमच्या विद्यार्थ्यांस फुटबॉलचे वेड नवीन नाही. माझगावसारख्या वस्तीत एका बाजूस गोदी, दुसऱ्या बाजूस चाळी, आणि खेळावयास जागा म्हटली तर दोहोंमधील गल्ली! तरीही चेंडू उसळत राहतो. अलीकडे ह्या वेडास आणखी एक शाखा फुटली आहे. युरोपातील मोठमोठ्या क्लबांचे सामने मुले रात्री जागून पाहतात, आणि सोमवारी शाळेत येतात ती तक्रारींची पोतडी घेऊनच. आपल्या आवडत्या क्लबाने कसलेले खेळाडू घेण्याऐवजी मिसरूड न फुटलेली पोरे घेतली, मॅनेजरास खेळातले काही कळत नाही, त्यास आजच्या आज घरी पाठवावे, असा एकंदर सूर असतो. पालकही ह्या वादांत मुलांच्या मागे नाहीत, असे आमच्या कानी येते.

ह्या तक्रारी सर्वस्वी खोट्या आहेत, असे आम्ही म्हणत नाही. ज्याचे प्रेम असते तोच रागावतो. परंतु कोवळ्या खेळाडूंवर भिस्त ठेवणाऱ्या शिक्षकास काय काय सोसावे लागते आणि त्याच्या कामास फळ येण्यास किती काळ जावा लागतो, हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल त्याने दूर युरोपात जाण्याचे कारण नाही. आपल्याच देशात असा एक पुरुष होऊन गेला, आणि त्याच्या कीर्तीचा मोठा भाग आपल्या मुंबईच्या कूपरेज मैदानावर घडला. 2024 साली ‘मैदान’ नावाच्या हिंदी चित्रपटामुळे त्याचे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आले. त्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सय्यद अब्दुल रहीम ह्यांचा जन्म 17 ऑगस्ट 1909 रोजी हैदराबाद येथे झाला. उस्मानिया विद्यापीठात शिकून ते पदवीधर झाले. विद्यापीठाच्या संघातून ते फुटबॉल खेळत, आणि चांगले खेळत. तथापि त्यांचा चरितार्थाचा धंदा खेळाचा नव्हे, शाळामास्तराचा होता. काचिगुडा, दारुल उलूम, चादरघाट इत्यादी शाळांतून त्यांनी मुलांस शिकविले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका मिळवून त्यांनी शाळेतील खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे रहीमसाहेबांनी मैदानावर जे काही केले त्याची किल्ली येथे आहे. वर्गात जो मुलगा आज चुकतो तो उद्या शिकेल, ह्या विश्वासावाचून शिक्षकाचे एक दिवसही चालत नाही. तोच विश्वास घेऊन ते मैदानावर उतरले.

1943 च्या सुमारास ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले. चेंडू लाथाडणे म्हणजे फुटबॉल नव्हे, तो एकमेकांकडे नीट पोचविणे म्हणजे फुटबॉल, हे त्यांनी मुलांच्या मनावर बिंबविले. उजव्या पायाच्या खेळाडूने डाव्या पायानेच खेळावे, अशा स्पर्धा ते भरवीत. ज्या अंगाने आपण दुबळे आहोत त्याच अंगास काम द्यावयाचे, ही युक्ती गणिताच्या व व्याकरणाच्या शिक्षकांसही परकी नाही.

1950 साली हैदराबाद सिटी पोलीस ह्या संघाची शिकवणी त्यांच्याकडे आली. मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा तेव्हा देशातील मानाच्या स्पर्धांपैकी एक होती. 1891 पासून ती येथे खेळली जात असे. आता ती बंद पडली आहे. त्या स्पर्धेत रहीमसाहेबांच्या संघाने 1950 पासून 1954 पर्यंत ओळीने पाच वर्षे चषक नेला. कलकत्त्याच्या बलाढ्य क्लबांच्या मानाने हा पोलिसांचा संघ म्हणजे साध्या नोकरदारांचा मेळा. परंतु मुंबईकर प्रेक्षकांस त्यांच्या खेळात एक निराळीच शिस्त दिसली. चेंडू जमिनीवरून, लहान लहान टप्प्यांनी, एकाच्या पायातून दुसऱ्याच्या पायात जाई.

राष्ट्रीय संघाची धुराही त्यांच्याकडे आली होती. 1951 साली नवी दिल्लीत पहिले आशियाई सामने झाले, तेव्हा भारताने अंतिम सामन्यात इराणचा एका गोलने पराभव करून सुवर्णपदक मिळविले. लोकांनी जयजयकार केला. पण लोकांचा जयजयकार किती दिवसांचा सोबती असतो, हे पुढल्याच वर्षी दिसून आले.

1952 च्या हेल्सिंकी ऑलिंपिकमध्ये भारताची गाठ युगोस्लाव्हियाशी पडली. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळत होते. 1911 साली मोहन बागान संघाने गोऱ्या पलटणीस हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा त्यांचे अकरांपैकी दहा वीर अनवाणी होते. तेव्हापासून अनवाणी खेळणे हा आपल्या प्रेक्षकांस एक अभिमानाचा विषय वाटे. हेल्सिंकीस तो अभिमान कामास आला नाही. युगोस्लाव्हियाने दहा गोल केले, आपण एक. देशभर हळहळ झाली, आणि हळहळीपाठोपाठ संताप आला. वर्षापूर्वी ज्या संघास डोक्यावर घेतले त्याच्यावर टीकेचा भडिमार झाला.

अशा प्रसंगी माणसापुढे दोन वाटा असतात. एक, दैवास, हवेस किंवा टीकाकारांस दोष देऊन मोकळे व्हावे. दुसरी, जे खरे आहे ते पत्करावे. ह्या पराभवातून जो धडा घ्यावयाचा तो घेतला गेला. फुटबॉलच्या राष्ट्रीय संस्थेने बूट आवश्यक केले, आणि रहीमसाहेब पुढे जो संघ घेऊन ऑलिंपिकला गेले तो नव्या रक्ताचा, बूट घालून वेगाने खेळणारा संघ होता. प्रेक्षकांच्या रागात जेवढे सत्य होते तेवढे त्यांनी पदरी घेतले. जो नुसता राग होता त्याच्यापायी आपली दिशा बदलली नाही.

ह्या नव्या संघात कोण होते, हे पाहण्यासारखे आहे. प्रदीपकुमार बॅनर्जी आणि तुलसीदास बलराम हे दोघेही 1956 साली अवघे वीस वर्षांचे. बॅनर्जी हे कलकत्त्याच्या नामांकित क्लबांतून आलेले नव्हते. बलराम हे सिकंदराबादेच्या बाजूचे, गरीब घरातले. सरावासाठी मैदानापर्यंत येण्यास त्यांच्यापाशी पैसे नसत, म्हणून रहीमसाहेब भाड्याच्या सायकलीसाठी पदरचे पैसे देत, असे बलराम स्वतः पुढे सांगत असत. आमच्या मुंबईचेही दोन गडी त्यात होते : टाटांच्या संघातून खेळणारे, मूळ गोव्यातील आसगावचे नेव्हिल डिसूझा, आणि कॅल्टेक्सकडून खेळणारे गोलरक्षक नारायण.

मेलबर्नच्या त्या ऑलिंपिकमध्ये 1 डिसेंबर 1956 रोजी भारताने यजमान ऑस्ट्रेलियाचा 4–2 असा पराभव केला. नेव्हिल डिसूझांनी एकट्याने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. उपान्त्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आला. ह्या वेळी पहिला गोल भारताचा होता, आणि तोही नेव्हिल ह्यांचाच. पुढे आपण 4–1 ने हरलो, बल्गेरियाकडूनही हरलो, आणि चौथ्या क्रमांकावर राहिलो. परंतु चार वर्षांपूर्वीचा 10–1 हा आकडा ज्यांच्या स्मरणात होता, त्यांस मधल्या काळात किती मोठे अंतर कापले गेले हे समजले. ऑलिंपिकच्या उपान्त्य फेरीत पोचणारा आशियातील पहिला फुटबॉल संघ आपला ठरला.

1960 साली रोम येथे भारतास हंगेरी, फ्रान्स व पेरू ह्यांच्या गटात खेळावे लागले. फ्रान्सशी 1–1 अशी बरोबरी झाली, हंगेरीने 2–1 असे निसटते हरविले, पेरूने 3–1 असे हरविले. एकही विजय नाही! चौथ्या क्रमांकावरून येथवर, असे म्हणणाऱ्यांस आयते निमित्त मिळाले. त्या चमूत रहीमसाहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हेही होते. पण रोममधील एकाही सामन्यात ते खेळले नाहीत. निवडीचा अधिकार हाती असलेल्या पुरुषाची परीक्षा अशाच ठिकाणी होते.

आता आम्ही त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या अध्यायाकडे येतो. 1962 साली जाकार्ता येथे आशियाई सामने भरले. रहीमसाहेबांस त्या वेळी कर्करोगाने ग्रासले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारतास 2–0 ने हरविले. पुढे थायलंडवर 4–1 असा विजय मिळाला, पण बचावफळीचे आधारस्तंभ जर्नेलसिंग ह्यांच्या डोक्यास दुखापत होऊन टाके पडले. जपानवर 2–0 असा विजय मिळून आपण उपान्त्य फेरीत पोचलो. तेव्हा रहीमसाहेबांनी एक असे काही केले की ज्याचा परिणाम उलटा झाला असता तर त्यांस मूर्खांत काढले गेले असते. बचाव करणाऱ्या त्या जखमी वीरास त्यांनी आघाडीवर, गोल करण्याच्या जागी उभे केले! दक्षिण व्हिएतनामविरुद्ध आपण 3–2 ने जिंकलो, आणि त्यांतील एक गोल जर्नेलसिंगांचा होता.

4 सप्टेंबर 1962 रोजी अंतिम सामन्यात पुन्हा तोच दक्षिण कोरिया समोर आला. इस्राएल व तैवान ह्यांस सामन्यांतून वगळल्याबद्दल भारतीय प्रतिनिधी सोंधी ह्यांनी आक्षेप घेतला होता, म्हणून जाकार्तातील जनता आपल्यावर चिडलेली. सुमारे एक लाख प्रेक्षकांचा समुदाय, आणि बहुतेक सारा आपल्याविरुद्ध ओरडणारा. अशा गदारोळात पहिल्या वीस मिनिटांतच प्रदीपकुमार बॅनर्जी व जर्नेलसिंग ह्यांनी एकेक गोल केला, आणि भारत 2–1 ने विजयी झाला. कर्णधार चुनी गोस्वामी चोवीस वर्षांचे होते. संघात कॅल्टेक्सचे चंद्रशेखर आणि गोव्यातील कोलव्याचे फ्रँको हे मुंबईच्या मैदानावर वाढलेले खेळाडूही होते. मेलबर्नला ज्यांस लोक कोवळे म्हणत ते बॅनर्जी व बलराम आता सव्वीस वर्षांच्या घरात आले होते. लावलेल्या रोपास फळ धरण्यास सहा वर्षे लागली.

ह्या विजयानंतर रहीमसाहेब फार दिवस जगले नाहीत. 11 जून 1963 रोजी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये आशियाई सुवर्णपदक त्यानंतर भारतास मिळालेले नाही, आणि 1960 नंतर आपला संघ ऑलिंपिकपर्यंत पोचलेलाही नाही. एका माणसाच्या जाण्याने एवढे सारे घडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु वर्षानुवर्षे मुलांमागे उभे राहणारा, त्यांच्या दुबळ्या पायास काम देणारा आणि सायकलीचे भाडे भरणारा माणूस एकदा गेला की त्याची जागा नुसत्या पैशाने भरून निघत नाही, एवढे मात्र खास.

शुभवर्तमानात अंजिराच्या झाडाचा एक दाखला आहे, तो आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. तीन वर्षे फळ न मिळाल्यामुळे मालक झाड तोडावयास निघतो, आणि माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. ह्या दाखल्यात एक बारीक गोष्ट आहे, ती पुष्कळ वेळा नजरेआड होते. माळी नुसती मुदत मागत नाही; झाडाभोवती खणण्याचे व खत घालण्याचे काम तो आपल्या अंगावर घेतो. मालकाची तक्रारही खोटी नाही; जमीन त्याची, आणि फळाची आशा धरण्याचा अधिकारही त्याचा. फुटबॉलचा प्रेक्षक हा अशा मालकासारखा आहे. त्याने तक्रार करू नये, असे आम्ही सांगणार नाही. परंतु झाड तोडण्यापूर्वी त्याने एवढेच विचारावे : माळी खणतो आहे की नाही? जो मॅनेजर कोवळी मुले आणून त्यांस केवळ बाकावर बसवून ठेवतो, त्याच्यावर राग धरणे योग्यच आहे. पण जो त्यांस रोज शिकवितो, आपल्या चुका दुरुस्त करतो, आणि स्वतःच्या मुलासही योग्यतेवाचून मैदानात उतरवीत नाही, त्यास एक वर्ष अधिक देण्यात कोणाचे नुकसान होणार आहे?

पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलांचे प्रगतिपुस्तक हाती आले म्हणजे घरोघर मालक आणि माळी हे दोघेही उभे राहतात. इयत्ता आठवीत जो मुलगा गणितात मागे पडला त्याच्याकडे पाहताना जाकार्ताच्या विजयाबरोबर हेल्सिंकीचे दहा गोलही आठवावेत, आणि त्या दोहोंमध्ये दहा वर्षांचे अंतर होते हेही आठवावे. आमचे विद्यार्थी कूपरेजवरून जातील तेव्हा, हैदराबादच्या एका शाळामास्तराने पाच वर्षे ओळीने येथून चषक नेला, ही गोष्ट त्यांनी आपल्या धाकट्या भावंडांस सांगावी.