५५ टनांची तोफ ओतणारा नगरचा रूमी खान

विजापूरला ट्रिप गेली की ‘मुलूख मैदान’ तोफेजवळ तुमचा सेल्फी ठरलेलाच! पण ती तोफ मूळची आपल्या नगरची, हे ठाऊक आहे? १५४९ मध्ये, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात, ती इथंच ओतली गेली. ओतणारा होता महंमद बिन हसन रूमी, म्हणजेच रूमी खान.

रूम म्हणजे तुर्कांचा मुलूख. तोफा ओतण्यात तेव्हा तुर्कांचं मोठं नाव. तिकडचा हा कारागीर निजामशाहीच्या चाकरीत आला.

त्याच्यापुढची अडचण बघा. लोखंड वितळतं १,५३८ अंशांना. तेवढा ताव आपल्याकडच्या भट्ट्यांना तेव्हा जमत नव्हता. त्यामुळे मोठ्या लोखंडी तोफा पट्ट्या आणि कडी तापवून, ठोकून जोडत. सांधा उकलला तर आधी गोलंदाजच मरायचा. रूमी खानानं तांबं आणि कथील घेतलं, साधारण ८० ला २०. हे मिश्रण ९०० अंशांच्या आसपास वितळतं. पण एवढ्या कथिलानं धातू घंटेसारखा कडक होतो आणि ठिसूळही. त्यावर उपाय जाड भिंतींचा: तोफेचा व्यास सुमारे दीड मीटर, नळीचं तोंड मात्र ७० सेंटिमीटर.

दुसरी मेख साच्यात. नळी पोकळ राहावी म्हणून मधे मातीचा गाभा असतो. कांस्याच्या तोफा ओतताना तो धरून ठेवायला लोखंडी आधार देण्याची रीत होती. लोखंड त्या रसात वितळत नाही, खरंय. पण तापलेल्या लोखंडावर ताण असेल, तर पातळ झालेलं तांबं त्याच्या कणांच्या फटींतून आत शिरतं आणि तडे पाडतं. मटेरियल सायन्सवाल्यांना हे माहीत असेल. गाभा जरा जरी सरकला, की एका बाजूची भिंत पातळ आणि ५५ टन धातू वाया! थर्मामीटर नव्हता, रसाचा रंग बघूनच ठरवायचं.

तोफ नीट उतरली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर गेली. तिथून १६३२ मध्ये मुरार जगदेवानं ती विजापूरला नेली. १८५४ मध्ये इंग्रजांनी ती लिलावात काढली, बोली लागली फक्त १५० रुपये! सुदैवानं तो सौदा रद्द झाला.

तोफेवर निजामशहाचं नाव कोरलंय आणि ओतणाऱ्या रूमी खानाचंही. पुढच्या वेळी जाल, तेव्हा सेल्फीआधी ते शोधा.