टीएसएच नॉर्मल, तरी थकवा? डॉ. हाशिमोटोंची ओळख

नावड्यात राहणारी एखादी गृहिणी थायरॉइडचा रिपोर्ट घेऊन येते. टीएसएच नॉर्मल. तरी अंग जड, केस गळतात, वजन उतरत नाही. मग डॉक्टर कधी अँटी-टीपीओ ही आणखी एक तपासणी लिहून देतात. ती ज्या आजाराचा माग काढते, त्याला एका जपानी डॉक्टरचे नाव आहे.

हाकारू हाशिमोटो 1881 मध्ये जपानच्या इगा भागात, वैद्यांच्या घराण्यात जन्मले. फुकुओकाला शिकून 1907 मध्ये डॉक्टर झाले आणि तिथल्याच शस्त्रक्रिया विभागात रुजू झाले. चार मध्यमवयीन स्त्रियांच्या गळ्यातून काढलेल्या सुजलेल्या थायरॉइड ग्रंथी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. आत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी खच्चून भरलेल्या. हा वेगळाच आजार आहे, असे त्यांनी 1912 मध्ये एका जर्मन नियतकालिकात मांडले. पुढे ते जर्मनीला शिकायला गेले, पण महायुद्ध पेटले. मायदेशी परतल्यावर त्यांनी गावातच दवाखाना चालवला. 1934 मध्ये टायफॉइडने गेले, अवघ्या 52व्या वर्षी. आपल्या निबंधाचे मोल त्यांना हयातीत फारसे कळले नसावे.

कारण खरा उलगडा 1956 चा. लंडनमध्ये रॉइट, डोनिआक आणि सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. शरीरच आपली ग्रंथी पोखरत होते.

टीएसएच एवढेच सांगतो, की आज रक्तात थायरॉइडचे हार्मोन पुरेसे आहे. पोखरण सुरू झाली आहे का, हे तो सांगत नाही. ग्रंथीचा धडधाकट भाग कित्येक वर्षे काम ओढून नेतो. पण अँटिबॉडी निरोगी माणसांतही आढळतात. तेवढ्यावरून गोळी मागू नये. गरजेपेक्षा जास्त गोळीने छातीत धडधडते, हाडे ठिसूळ होतात. टीएसएच साधारण वर्षाने पुन्हा करावा. गरोदरपणाचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

तक्रार खोटी नसते, फक्त तिचे मूळ बहुतेकदा दुसरीकडे असते. हिमोग्लोबिन, बी-12, साखर तपासून घ्या. घोरणे, अपुरी झोप, उदास मन हेही डॉक्टरांना सांगा. आणि केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा. काही यंत्रांवर तिच्यामुळे टीएसएच खोटाच कमी येतो, आणि वाढलेला टीएसएचही नॉर्मल दिसू शकतो.