लंगोटाची लाज

शुक्रवार पेठेतल्या तालमीत मी पहिल्यांदा गेलो तो पायजमा घालून. वस्तादांनी दारातूनच परत धाडले. लंगोटाशिवाय आखाड्यात प्रवेश नव्हता, आणि माझ्या तर फासळ्या मोजता येत होत्या!

रात्री वडिलांनी लोकमान्य टिळकांची गोष्ट काढली. १८५६ साली रत्नागिरीत जन्मलेले बळवंतराव पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले, तेव्हा असेच किडकिडीत होते. वडील १८७२ मध्येच वारलेले, लग्नही झालेले. तरी कॉलेजचे पहिले वर्ष त्यांनी तालीम आणि पोहणे यांनाच वाहिले. चारचौघांत अशक्त अंग उघडे करायला ते लाजले असते, तर? त्या वर्षीची परीक्षा मात्र बुडाली. (आज कोणता बाप हे चालवून घेईल?) गणितातली पदवी पुढे मिळालीच.

त्याच शरीराने १८९७ चा तुरुंगवास सोसला. त्यात वजन फार उतरले. १९०८ पासून मंडालेत सहा वर्षे काढली ती मधुमेह अंगावर घेऊन. ‘गीतारहस्य’ लिहिले तेही तिथेच.

दुसऱ्या दिवशी मी लंगोट कसून गेलो. तांबड्या मातीत दोनदा लोळल्यावर फासळ्या कुणाच्याच दिसेनात.