रामटेकला दहा वेळा गेलात, पण शेजारच्या नगरधनमधून विदर्भावर राज्य करणारी राणी माहितीये का?

नागपूरकरांचा एका दिवसाच्या सहलीचा बेत ठरलेला असतो. सकाळी लवकर निघायचं, रामटेकच्या गडावर दर्शन घ्यायचं, माकडांपासून प्रसाद वाचवायचा, खिंडसीला बोटिंग करायचं आणि संध्याकाळी घरी.

रोमचे पडके खांब बघायला कधीतरी इटलीला जायचं, अशी स्वप्नं आपण बघतो. पण रोमचं साम्राज्य डगमगत होतं त्याच सुमाराला आपल्या रामटेकच्या आसपास एक भरभराटीची राजधानी होती. तिथला कारभार एक बाई बघत होती. तिचं नाव प्रभावतीगुप्ता.

वाकाटक म्हटलं की बहुतेकांना अजिंठा आठवतो. ते बरोबरच आहे, पण अजिंठ्याशी नाव जोडलेला हरिषेण हा वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीमच्या शाखेतला. वाकाटकांची दुसरी शाखा नंदिवर्धनची. नंदिवर्धन म्हणजे रामटेकपासून सहा-सात किलोमीटरवरचं आजचं नगरधन. प्रभावती सून म्हणून आली ती या घरात.

माहेर साधंसुधं नव्हतं. वडील म्हणजे गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त, ज्याला आपण विक्रमादित्य म्हणून ओळखतो. आई कुबेरनागा, नाग घराण्यातली. चौथ्या शतकाच्या शेवटी चंद्रगुप्ताचा डोळा गुजरात, सौराष्ट्र आणि माळव्यातल्या शक क्षत्रपांवर होता. त्या मोहिमेत विदर्भातले वाकाटक शत्रू बनून बाजूला उभे राहिले असते तर मोठीच अडचण झाली असती. त्यामुळे मुलगी वाकाटकांच्या दुसऱ्या रुद्रसेनाला देण्यात राजकारण होतं, असं बरेच इतिहासकार मानतात. हे लग्न व्हावं की नाही हे प्रभावतीला कुणी विचारलं असेल, असं वाटत नाही.

लग्नानंतर रुद्रसेन फार वर्षं जगला नाही. मागं राहिली तरुण राणी आणि लहान मुलं. युवराज होता दिवाकरसेन, पण गादीवर बसायचं त्याचं वय नव्हतं. अशा वेळी एखादा दीर किंवा सेनापती पुढं होतो आणि राणी कागदावरून गायब होते. इथं झालं उलटं. ताम्रपटांवर राणीचंच नाव आलं.

हे आपल्याला कळलं ते नशिबानं. पुण्यात राहणाऱ्या एका तांबट कुटुंबाकडं पिढीजात जपलेले जुने पत्रे होते. तांबटाच्या घरात तांब्याचा पत्रा न वितळता शतकानुशतकं टिकतो हेच मोठं आश्चर्य! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांनी ते वाचले तेव्हा तो प्रभावतीचा दानलेख निघाला. कार्तिक शुद्ध द्वादशीला नंदिवर्धनहून काढलेल्या त्या हुकमानं तिनं दंगुण नावाचं गाव चनालस्वामी या आचार्याला दिलं होतं. नागपूरचे थोर संशोधक वा. वि. मिराशी यांच्या मते दंगुण म्हणजे आजचं हिंगणघाट.

पण खरी गंमत गावात नाही, मायन्यात आहे. सासरच्या दरबारातून निघालेल्या हुकमात वंशावळ सुरू होते ती गुप्तांपासून. आधी माहेरचे पूर्वज, मग समुद्रगुप्त, मग वडील. नवऱ्याचं नाव येतं, पण नंतर. गोत्रही तिनं धारण हे माहेरचंच लावलं, वाकाटकांचं विष्णुवृद्ध नाही. वाकाटक घराणं शिवभक्त, ती मात्र स्वतःला विष्णूची भक्त म्हणवते. रुद्रसेनाच्या नावापुढंही लेखांमध्ये चक्रपाणीच्या कृपेचा उल्लेख येतो. त्यालाही विष्णूकडं बायकोनंच वळवलं, असा तर्क त्यावरून केला जातो.

यावरून काही इतिहासकारांनी निष्कर्ष काढला की नंदिवर्धनचं राज्य खरं तर पाटलीपुत्राहून चालत होतं आणि प्रभावती फक्त वडिलांचा हात होती. चंद्रगुप्ताचं वजन होतं हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सगळं श्रेय बापाला देऊन टाकणं जरा घाईचं वाटतं. विधवा राणी आणि अल्पवयीन मुलगा अशा राज्यावर नजर ठेवून असणाऱ्यांसाठी चंद्रगुप्ताची मुलगी ही ओळख म्हणजे भक्कम ढाल होती, आणि ती तिनं पुरेपूर वापरली. त्यात वाकाटक आपल्या लेखांवर गुप्त संवत घालत नव्हते. वर्षं मोजली जायची ती त्यांच्याच राज्याची. सासर हे माहेरचा सुभा झालं असतं, तर ही पद्धत टिकली असती का?

पुण्याचा तो ताम्रपट तेराव्या वर्षाचा आहे. म्हणजे किमान तेरा वर्षं कारभार तिच्याकडं होता, आणि तेव्हाही दिवाकरसेन युवराजच होता. पुढं तो लेखांमधून नाहीसा होतो. तो राजा झाल्याचा पुरावा नाही, त्यामुळे तरुणपणीच गेला असावा असं मानलं जातं. नवऱ्यानंतर राज्य ज्याच्यासाठी सांभाळलं, तो मुलगाही गादीवर बसलेला तिला दिसला नाही.

नंतर दामोदरसेन आणि प्रवरसेन ही नावं येतात. ही दोन माणसं की एकाच राजाची दोन नावं, यावर वाद होता. भंडारा जिल्ह्यात मिरेगावला मिळालेल्या ताम्रपटाच्या मुद्रेवर प्रभावतीला दोन वाकाटक राजांची आई म्हटलंय. त्यावरून ते दोघं भाऊ होते असं मानता येतं.

प्रवरसेन हुशार निघाला. महाराष्ट्री प्राकृतातलं सेतुबंध हे काव्य त्याच्या नावावर आहे. कालिदास याच दरबारात होता आणि रामटेकच्या टेकडीवर त्याला मेघदूत सुचलं, अशी परंपरा आहे. मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक, हे मिराशींनी हिरिरीनं मांडलं. कालिदासाच्या मुक्कामाचा थेट पुरावा मात्र नाही.

या मुलानं आईचं सगळं ऐकलं नाही. तो पुन्हा शिवभक्तीकडं वळला आणि त्याच्या लेखांमध्ये वंशावळ परत वाकाटकांपासून सुरू झाली. त्यानं प्रवरपूर नावाची नवी राजधानीही वसवली. ती वर्ध्याजवळचं पवनार, असं मिराशींचं मत होतं. पुढं रामटेकजवळच्या मनसरला उत्खनन झालं, मोठ्या विटांच्या इमारती उघड्या पडल्या आणि प्रवरपूर हेच, असं उत्खनन करणाऱ्यांनी सांगितलं.

आई मात्र बाजूला बसली नाही. प्रवरसेनाच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी तिनं स्वतःच्या नावानं आणखी एक दान दिलं, रामगिरीच्या स्वामीच्या पायाशी बसून, आणि याही वेळी गुप्तांचीच मुलगी म्हणून. हा ताम्रपट मिळाला अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, म्हणजे आज मराठी भाषा विद्यापीठ आहे तिथं. त्यातल्या एका शब्दसमूहावरून ती शंभरी पार करून जगली असं काहींनी म्हटलं. इतरांच्या मते तो फक्त दीर्घायुष्याचा आशीर्वादवजा मायना आहे.

२०१५ ते २०१८ दरम्यान पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागानं नगरधनला उत्खनन केलं. तिथं एका मातीच्या भिंतीवर अंडाकृती मुद्रांकन सापडलं. वजन साडेसहा ग्रॅमच्या आत, लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या थोडी पुढं. त्यावर ब्राह्मीत प्रभावतीचं नाव आणि विष्णूचा शंख. ताम्रपट हे दानाचे समारंभी कागद असतात. असं मातीचं मुद्रांकन रोजच्या कारभारातलं. कुठल्यातरी निरोपावर किंवा गाठोड्यावर, दुसऱ्या कुणाचा नाही, तिचा शिक्का बसला होता.

पुढच्या वेळी रामटेकला गेलात तर गडाच्या टेकडीवर केवल नरसिंहाच्या देवळात थांबा. गर्दी रामाच्या दर्शनाला घाईत असते, हे जुनं देऊळ बघायला फार कुणी वळत नाही. तिथला एक शिलालेख १९८०च्या दशकापर्यंत चुन्याच्या गिलाव्याखाली झाकला गेला होता. दगड बराच झिजलाय, काही ओळी लागत नाहीत. पण अभ्यासकांच्या वाचनानुसार हे देऊळ प्रभावतीच्या मुलीनं आईच्या पुण्यासाठी बांधलं, आणि आतल्या देवाला नाव दिलं प्रभावतीस्वामी.